हलकुड्यांच्या घरातलं गप्प पाणी

विरूपाक्ष हलकुड्यांनी लातूर सोडलं ते भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात. त्यांचं स्वतःचं घर काही पडलं नव्हतं. गंजगोलाईच्या बाजारामागं त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली, तेवढंच. पण त्यांच्या बायकोच्या, सौदामिनीबाईंच्या मावशीचं औसा तालुक्यातलं अख्खं घर गेलं. माणसांसकट. तिथून परत आल्यावर हलकुडे एवढंच म्हणाले, "पाण्यानं सांगितलं होतं. मलाच कळलं न्हाई."

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून ते घरी आले आणि पाय धुवायला न्हाणीत गेले, तर घंगाळातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठत होती. कुणी हात लावला नव्हता, नळ गळत नव्हता. बाहेर ढोल-ताशे वाजत होते, त्यांचाच दणका असेल असं समजून ते पाय धुऊन जेवायला बसले. पहाटे जमीन हलली. दणका ढोल-ताशांचाच असावा असं मला अजूनही वाटतं, पण हे हलकुड्यांना कुणीच पटवून देऊ शकलं नाही.

नांदेडच का निवडलं, तर एका प्लॉटच्या एजंटानं त्यांना सांगितलं, की इथं खाली सलग काळा दगड आहे, जग हललं तरी नांदेड हलणार नाही. हलकुड्यांनी तो प्लॉट घेतला, पुढं इन्स्टिट्यूट, मागं घर आणि वर भाडेकरूसाठी दोन खोल्या बांधल्या. मी त्या वरच्या खोल्यांत राहायला आलो. मी मूळचा जळकोटचा. नांदेडात किशनराव सरांच्या कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना झूलॉजी शिकवायचो. खोली बघायला गेलो तेव्हा हलकुड्यांनी ना पगार विचारला ना जात.

"आलोक सर, वजन किती तुमचं?"

मी सांगितलं.

"घरात चप्पल घालून चालता का अनवाणी?"

"अनवाणी."

"टाच आधी टेकते का चवडा?"

मी खाली पायांकडं बघितलं. त्यांनी मला इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि कोपऱ्यातल्या परातीकडं बघत उभे राहिले. परातीत पाणी होतं. ते फारसं हललं नाही म्हणून मला खोली मिळाली.

मग कळलं, की घरभर पाणीच पाणी आहे. देवघराशेजारी तपेलं, दिवाणाखाली बोगणं, टायपिंगच्या मशिनांमागं पितळी परात. जाता-येता हलकुडे प्रत्येकात डोकावायचे. बाकी माणूस अगदी शहाणा. टायपिंगचे दिवस संपत आले तसे त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले आणि कोचिंगवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायला लागले. त्या वेळी नांदेडात गल्लीगल्लीत क्लास निघत होते, म्हणून काम भरपूर होतं. फक्त कुणाच्या कोपरानं परातीला धक्का लागला, की तो माणूस त्यांच्या मनातून उतरायचा.

"एवढी भांडी हायत घरात," सौदामिनीबाई मला सांगायच्या, "पण भात लावायला एक मोकळं न्हाई. मी शेजारून पातेलं मागून आणते, सर. लोकांना वाटतं आमच्याकडं रोज पंगत हाय."

अशी बारा-तेरा वर्षं गेली. पाण्यानं काही सांगितलं नाही, जमीनही गप्प राहिली. आणि दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर एक दिवस नांदेडच्या पोटातून आवाज यायला लागले.

धुडूम. लांब कुठंतरी सुरुंग लागावा तसा. खिडक्यांची तावदानं थरथरायची, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे, की संपलं. दोन दिवसांनी पुन्हा. लोक अंथरुणं घेऊन मैदानात झोपायला लागले. बाहेरून तज्ज्ञ आले, यंत्रं लावली, घाबरू नका म्हणाले, आणि त्यांनी तसं म्हटल्यावर लोक जास्तच घाबरले.

आमच्या कॉलनीत एक वेगळीच गोष्ट झाली. इतकी वर्षं ज्या माणसाला लोक 'परातवाले सर' म्हणून हसत होते, त्याच्या दारात रांग लागली. हलकुडे लातूरचे. त्यांनी खरा भूकंप बघितलेला. त्यामुळं भूकंपातलं त्यांनाच कळणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बायका विचारायच्या, "सर, आज स्वयंपाक करू का?" एका घरातून लग्नाच्या तारखेबद्दल विचारणा झाली. हलकुडे परातीत बघून सांगायचे, "करा, आज काही न्हाई." त्यांच्या चालण्यात तेव्हा असा रुबाब आला होता की बघत राहावं. एवढ्या लांब पळून आलो तर भूकंप मागं मागं आला, याचं दुःख त्यांना झालं असेलच. पण ते दुःख कौतुकाखाली दबून गेलं.

अडचण एकच होती. परातीतलं पाणी वरून बघावं लागतं, आणि चार माणसं वाकून बघायला लागली की त्यांच्या श्वासानंच ते हलतं. हलकुड्यांना पाहिजे होतं भरपूर, उभं, बाजूनं दिसणारं पाणी.

ते त्यांना सापडलं आमच्याच क्लासच्या ऑफिसात. किशनराव सरांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दारासमोर चार फुटी मोठं ॲक्वेरियम ठेवलं होतं, निकाल चांगले लागावेत म्हणून. निकाल बरे लागले, पण मासे एक एक करून मरत गेले, आणि पोरांच्या आईवडिलांनी प्रवेशाच्या वेळी तरंगता मासा बघणं बरं दिसेना. किशनरावांनी कारंजं बसवायचं ठरवलं. हलकुडे प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा द्यायला आले होते. त्यांनी ती पेटी बघितली, कडेनं फिरून बघितली, खाली बसून बघितली, आणि म्हणाले, "ही मला द्या."

"घेऊन जा," किशनराव म्हणाले, "पण मासा पण न्यावा लागंल."

एक मासा उरला होता. काळपट, अंगावर तांबूस डाग, पंजाएवढा, जाड ओठांचा. दुकानदार त्याला ऑस्कर म्हणायचे. बाकीचे मासे मेले ते कदाचित यानंच मारले असावेत, पण झूलॉजीचा माणूस असूनही मी ते कुणाला बोललो नाही.

पेटी घरी आली, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये भक्कम टेबलावर ठेवली, पाणी भरलं, बटण दाबलं, आणि हलकुड्यांचा चेहरा पडला. पेटीच्या उजव्या अंगाला काळ्या काचेचा एक उभा कप्पा केलेला होता. त्यात स्पंज, बारीक दगड आणि एक मोटर. कप्प्यात पाणी शिरायचं, गाळून निघायचं आणि मोटर ते परत पेटीत फेकायची. पाणी अखंड थरथरत होतं. मोटर बंद केली तर मासा फिरायचा आणि पुन्हा थरथर. आणि तो कप्पा एवढी जागा खात होता, की हलकुड्यांच्या मते पेटीचा चौथा भाग आंधळा झाला होता.

"आलोक सर, तुम्ही जनावरांचे डॉक्टर," ते म्हणाले. मी कसलाही डॉक्टर नव्हतो. "हा कप्पा काढला तर काय होईल?"

"पाणी घाण होईल. मासा मरेल."

"मासा नसला तर?"

"मासा नसला तर ॲक्वेरियम कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या पोराकडं बघायचो.

काचेच्या कामाला गुलाम रसूल आला. चौकात त्याचं आरशांचं आणि काचांचं दुकान होतं. बायको वहिदा गल्ल्यावर बसायची आणि तो काच कापायचा. पिढ्यान् पिढ्या त्यांचं हेच काम, आणि गुलाम रसूलला त्याचा अभिमान इतका, की रस्त्यानं जाताना लोकांच्या खिडक्या दाखवत चालायचा, "ये मेरी. ये मेरी. ये किसी गधे की." माशाची पेटी मात्र त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती. तसं त्यानं सांगितलं नाही.

"हा कप्पा काढायचा?" त्यानं विचारलं. "लोक तर बसवून घेतात."

"काढायचा. पाणी गप्प पाहिजे."

"पाणी गप्प," गुलाम रसूलनं मान हलवली, जणू असं गिऱ्हाईक त्याच्याकडं रोज येतं. "हौ. करके देतो."

पेटी रिकामी केली. मासा एका बादलीत गेला आणि बादलीतून सौदामिनीबाईंकडं बघायला लागला. गुलाम रसूलनं आधी पात्यानं काळ्या काचेच्या कडेचं सिलिकॉन उभं चिरलं. मग तंगूस घेतला, पतंगाच्या दुकानात मिळतो तो नायलॉनचा दोरा, त्याचं एक टोक आत, एक बाहेर, आणि दोन्ही हातांनी मागं-पुढं ओढत करवतीसारखा काच आणि सिलिकॉनच्या मधून खाली नेत गेला. हलकुडे आतून टॉर्च धरून होते. खालच्या कोपऱ्यात तंगूस अडकला. गुलाम रसूलनं जोर लावला, तो तुटला, दुसरा घेतला. दुपार अशीच गेली. शेवटी काळी काच हलली, डुगडुगली आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखी अलगद हातात आली. दोघंही एवढे खूष झाले, की हलकुड्यांनी त्याला मिठीच मारली.

राहिलेले सिलिकॉनचे तुकडे त्यांनी पात्यानं खरवडले, स्पिरिटनं काच पुसली, जिथं पातं जास्तच आत गेलं होतं त्या कोपऱ्यात नवं सिलिकॉन भरलं.

"वरून आडवी पट्टी लावू का? समोरची काच फुगंल थोडी."

"पट्टी नको. पाण्याचा वरचा काठ दिसला पाहिजे."

"मग नको," गुलाम रसूल लगेच म्हणाला. "गरजच न्हाई. हलकुडे साब, हे माझं काम आहे. तुमची नातवंडं बघतील ही पेटी."

दोन दिवस सुकवून पेटीत स्वच्छ पाणी भरलं. मागच्या काचेला हलकुड्यांनी आलेखाचा कागद चिकटवला, म्हणजे पाण्याचा काठ केसाएवढा हलला तरी चौकोनांवर दिसावा. ना मासा, ना दगड, ना झाड. नुसतं पाणी. ते खरंच इतकं गप्प होतं, की पेटी भरलेली आहे की रिकामी हे हात लावल्याशिवाय कळायचं नाही.

कॉलनी बघायला आली. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, भिंतीला धरून आत आले आणि काही नाही त्याच्याकडं बघत बसले. घराचे नियम बदलले. हॉलमध्ये टाच टेकायची नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी हाक मारून सांगायचं. टायपिंगची उरलेली मशीनं माझ्या खोलीत वर आली आणि पोरी तिथं सराव करायला लागल्या, मग त्या आवाजानं वरून पाणी हलतं म्हणून ती परसातल्या शेडमध्ये गेली. मी स्वतः जिना कडेकडेनं चढायला शिकलो.

आमच्या क्लासची पोरंही यायची. प्रश्नपत्रिका घ्यायला म्हणून आली आणि तिथंच बसून राहिली. एका पोराच्या आईनं किशनरावांना सांगितलं, की त्या पाण्यासमोर बसल्यापासून पोरगा घरात एक शब्द बोलत नाही. किशनरावांनी त्याचा अर्थ एकाग्रता असा घेतला. ते स्वतः हलकुड्यांकडं आले.

"आपण एक बॅच बसवू इथं. रोज सकाळी. माझ्या जाहिरातीत टाकतो, 'स्थिर जल, स्थिर मन'."

"हे भूकंपाचं यंत्र हाय," हलकुडे म्हणाले. "बॅच कसली बसवता?"

"मग पेटी परत द्या. माझीच आहे मूळची."

"मूळची तुमची होती ती थरथरती. ही माझी हाय."

इकडं माशाचं काय झालं ते सांगायला पाहिजे. सौदामिनीबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की आपण लिंगायत घर, हे जनावर इथं राहणार नाही. कुणीच नेईना म्हणून तो बादलीतून परसातल्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात गेला. टबात गेल्यावर श्वासाला वर यायला लागला, तेव्हा बाईंनीच मला बोलावून पेटीतून काढलेली मोटर आणि स्पंज टबात बसवून घेतलं. म्हणजे घरात पुढं होतं मासा नसलेलं ॲक्वेरियम आणि मागं होता ॲक्वेरियम नसलेला मासा, फिल्टरसकट. बाईंनी त्याचं नाव तहसीलदार ठेवलं.

"का हो, तहसीलदार का?"

"बघतो सगळं. करत काहीच न्हाई."

तहसीलदार चपाती खाईना, भात खाईना. मी सांगितलं की याला मांस लागतं. बाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी गुलाम रसूलच्या दुकानावर आरसा घ्यायच्या निमित्तानं गेल्या, आणि त्या दिवसापासून वहिदाबी रोज दुपारी एक छोटा डबा घेऊन परसाच्या दारानं यायची. डबा फाटकाच्या आत येत नसे. वहिदाबी तिथूनच चिमटीत खिमा घेऊन टबापर्यंत यायची, मासा पाण्याबाहेर तोंड काढून घ्यायचा, सौदामिनीबाई तुळशीकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं आपा. उद्या कलेजी आणते."

"मला सांगू नका काय आणता ते. पण आणा."

मग दोघी पायरीवर बसून चहा प्यायच्या. बारा वर्षं एकाच चौकात राहून त्या कधी बोलल्या नव्हत्या.

जानेवारीतल्या एका दुपारी, जेवणं झाल्यावर, मी वर उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. खालून असा आवाज आला, की माझ्या हातातला लाल पेन कागदावरून सरळ भिंतीवर गेला. धाड! त्यामागून फरशीवर काहीतरी कोसळल्याचा, मग सळसळण्याचा. मी पळालो. सगळी कॉलनी पळाली. पलीकडच्या गल्लीत किशनरावांची टेस्ट चालू होती, ती पोरं पेपर हातात घेऊनच रस्त्यावर आली आणि तेवढ्यात एकमेकांची उत्तरं बघून घेतली. कुणी देव घेऊन बाहेर आलं, कुणी टीव्ही. एक आजी दळणाचा डबा घेऊन उभी होती. सगळे हलकुड्यांच्या दाराकडं बघत होते, आता ते येऊन सांगतील म्हणून.

हलकुडे आले. छातीपासून पायापर्यंत भिजलेले, शर्टाला आलेखाचा कागद चिकटलेला. सुदैवानं एका बोटाला चिरल्याशिवाय कुठं लागलं नव्हतं. समोरची काच खालच्या कोपऱ्यातून उलली होती आणि पेटीतलं सगळं पाणी त्यांच्या मांडीवर आलं होतं. त्या वेळी ते खुर्चीवर बसून त्या पाण्याकडंच बघत होते.

"सर, किती मोठा होता?" कुणीतरी ओरडलं.

"झाला न्हाई," हलकुडे म्हणाले.

"काय झाला न्हाई?"

"भूकंप. झाला न्हाई. पाणी हललं न्हाई. मी समोर होतो. ते गप्प होतं, गप्प होतं, आणि मग माझ्या अंगावर आलं."

लोकांना हे पटेना. एवढी माणसं एकदम बाहेर पळाली म्हणजे काहीतरी झालंच असणार. आणि तेवढ्यात गुलाम रसूल चौकातून धापा टाकत आला. आत जाऊन त्यानं फुटलेली काच बघितली. वाकून तो कोपरा बघितला. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज खणखणीत होता.

"जलजला!" तो म्हणाला. "भूकंप झाला. दुसरं काय? माझी काच अशी फुटत नसते."

झालं. त्या क्षणी कॉलनीचे दोन भाग झाले, आणि गंमत अशी की चुकीच्या बाजूनं झाले. ज्या माणसानं इतकी वर्षं भूकंपाची वाट बघण्यात घालवली होती, तो एकटा म्हणत होता की भूकंप झालाच नाही. ज्या गुलाम रसूलनं या आवाजांना आजवर 'खदान में सुरुंग उडा रहे' म्हणून हसण्यावारी नेलं होतं, तो ओरडून ओरडून सांगत होता की झाला, आणि चांगला मोठा झाला. लोक गुलाम रसूलकडं गेले. तासभर रस्त्यावर उभं राहिल्यावर काही झालंच नव्हतं हे ऐकायला कुणाला आवडतं?

गुलाम रसूल तेवढ्यावर थांबला नाही. नुकसान झालं म्हणून त्यानं सरकारी कचेरीत जाऊन तोंडी खबर दिली. दुसऱ्या दिवशी मलप्पा नावाचे तलाठी पंचनामा करायला आले. शांत माणूस, देवणीकडचे. हॉलमध्ये टेबलावर पेटीचा सांगाडा होता, तिथं खुर्ची टाकून बसले.

"कोणती वस्तू फुटली?"

"माशाची पेटी," गुलाम रसूल म्हणाला.

"मासे किती दगावले?"

"एक पण न्हाई," सौदामिनीबाई दारातून म्हणाल्या. "मासा बरा हाय. मागं टबात."

"पळून गेला का टबात?"

"आधीपासून तिथंच राहतो."

मलप्पांनी पेन थांबवलं. "मग पेटीत काय होतं?"

"पाणी."

"पाण्यात?"

"काही न्हाई," हलकुडे म्हणाले. "मुद्दाम ठेवलं नव्हतं."

मलप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी शिक्षक आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मी छताकडं बघितलं.

"बरं. घरमालकांनी सांगा, धक्का किती वाजता बसला?"

"धक्का बसला न्हाई."

"हलकुडे साब!" गुलाम रसूल कळवळून म्हणाला. "एवढं नका करू. सगळा नांदेड म्हणतो आवाज येतात. त्यातला एक आवाज माझ्या काचेला दिला तर तुमचं काय जातं? उद्या लोक म्हणतील गुलाम रसूलची काच पाण्यानं फुटली. नुसत्या पाण्यानं! मी तोंड कुठं दाखवू?"

हॉलमध्ये माणसं दाटली होती. हलकुडे उठले. ते रागावतील असं मला वाटलं. पण ते हळू आवाजात बोलले.

"गुलामभाई, मी लातूरहून आलो तेव्हापासून हे पाणी बघून राहिलो. रोज वाटायचं, आता हलंल. एकदा चुकलो, पुन्हा चुकायचं न्हाई. काल ते फुटायच्या आधी मी अगदी नाक लावून बसलो होतो. एक रेघसुद्धा हलली न्हाई. मला माहिती हाय न हललेलं पाणी कसं दिसतं. पहिल्यांदा माहिती झालं. ते मी खोटं कसं सांगू? तुम्हीच तर केलं गप्प."

गुलाम रसूलनं पेटीच्या सांगाड्याकडं बघितलं. त्यात त्याची स्तुती होती की अपमान, हे तो ठरवत असतानाच मलप्पांनी वही मिटली. "पंचनामा होत न्हाई," ते म्हणाले. "पण मासा दाखवा." त्यांनी परसात जाऊन तहसीलदार बघितला, त्याचं नाव ऐकलं, बराच वेळ हसले, आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर गुलाम रसूल आणि हलकुडे बोलेनासे झाले. चौकातून जाताना हलकुडे रस्ता ओलांडायचे. पण घरात एक फरक पडला, तो आम्हाला हळूहळू कळला. देवघराजवळचं तपेलं एक दिवस बाईंना मोकळं सापडलं. त्यांनी काही न विचारता त्यात भात लावला. मग बोगणं आलं, परात आली. हलकुडे चप्पल घालून हॉलमधून फटक फटक चालायला लागले. बहुतेक त्यांना तो आवाज आवडत असावा, कारण काम नसतानाही फेऱ्या मारायचे. फेब्रुवारीत पुन्हा एकदा धुडूम झालं. आम्ही सगळे रस्त्यावर, आणि हलकुडे ताटावर. मी खिडकीतून ओरडलो, "सर, बाहेर या!"

"आलो," ते म्हणाले आणि बायकोला म्हणाले, "आमटी वाढ जराशी."

आले, पण जेवण आटोपून. आम्हाला उभं बघून म्हणाले, "ऊन लई हाय, सावलीला तरी उभे राहा."

दोघांचा अबोला मोडला तो तहसीलदारामुळं. तो वाढत वाढत टबात वळता येईना एवढा झाला. सौदामिनीबाई एक दिवस सरळ दुकानात गेल्या. वहिदाबी गल्ल्यावर होती, गुलाम रसूल मागं काच कापत होता. बाई त्याला ऐकू जाईल असं वहिदाबीला म्हणाल्या, "चांगला पेटी करणारा कुणी माहिती हाय का तुम्हाला? आम्ही परभणीहून बोलावणार हावोत."

गुलाम रसूलच्या हातातली काच वाकडी तुटली.

आठवड्यात पेटी आली. जुन्या पेटीच्या सगळ्या सांध्यांचं सिलिकॉन पार काढून नव्यानं जोडलेली, समोरची काच जाड, वरून आडव्या दोन पट्ट्या, आणि उजव्या अंगाला तीच काळी काच परत बसवलेली. दोघांनी मिळून ती परसातल्या शेडमध्ये टायपिंगच्या मशिनांशेजारी ठेवली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. पाणी भरताना हलकुडे नळी धरून होते आणि गुलाम रसूल कोपऱ्याला बोट लावून ओल लागते का बघत होता.

"भूकंप झाला होता, साब," तो मधेच म्हणाला.

"न्हाई झाला, गुलामभाई."

"थोडासा."

"न्हाई."

मोटर सुरू झाली, पाणी उसळायला लागलं, तहसीलदार एक चक्कर मारून दगड तोंडात धरून इकडचा तिकडं ठेवायला लागला. दोघं तिथंच टायपिंगच्या स्टुलांवर बसले.

पुढं मला लातूरच्या एका क्लासनं बोलावलं आणि मी नांदेड सोडलं. आवाजही आपोआप कमी होत गेले. लातूरला मी भाड्यानं घेतलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. हलकुडे तो बघायला येतील असं काही मला वाटलं नव्हतं, कारण त्या गावाचं नाव काढलं तरी ते विषय बदलायचे. पण एका मे महिन्यात दोघं नवरा-बायको एसटीनं आले. बरोबर वहिदाबीनं दिलेला शीरखुर्म्याचा डबा होता. लिफ्ट बंद होती, म्हणून चार मजले चढून आले. हलकुड्यांनी गॅलरीत उभं राहून खालचा रस्ता बघितला. ओळीनं क्लास, ओळीनं मेस, आणि बोर्डावर पहिल्या आलेल्या पोरांचे दारं-खिडक्यांएवढे फोटो.

"इथं माझी इन्स्टिट्यूट होती," ते एका उंच इमारतीकडं बोट दाखवून म्हणाले. मग जरा विचार करून दुसऱ्या इमारतीकडं दाखवलं. "का तिथं? काही ओळखू येईना, सर."

सौदामिनीबाई म्हणाल्या, "बसा आता. दमलात."

ते बसले, पाणी प्यायले, आणि मला विचारलं, "क्लासच्या प्रश्नपत्रिका इथं कोण टाइप करून देतं?"